चार स्पीकर, दीड कान

इंग्लंडातल्या कुठल्याही बेताच्या गावात, बेताच्या रस्त्यावर, एका भिंतीने जोडलेल्या दोन घरांपैकी एका घरात हा मनुष्य राहतो. वय सत्तरीच्या आसपास. पूर्वी टेलिफोन खात्यात इंजिनियर, नाहीतर शाळेत फिजिक्सचा मास्तर. पेन्शन ठणठणीत, गुडघे कुरकुरते. रस्त्यात भेटला तर हवेबद्दल बोलतो, परसात टोमॅटो लावतो, कचऱ्याचे डबे ठरल्या वारी बाहेर काढतो. बाहेरून काही कळायची सोय नाही. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की मात्र लगेच कळतं, कारण पाऊल टाकायला तिथे जागाच नसते. चार कोपऱ्यांत कमरेएवढे चार स्पीकर आणि त्यांच्या ऐन मध्यावर एक खुर्ची. एकच.

याला मी क्वाडवाला म्हणतो. विलायतेत राहायला आल्यापासून मला असे बरेच भेटले आणि माझ्या डोक्यात त्यांचा आता एकच माणूस झाला आहे. त्यात मोठा वाटा माझ्या शेजाऱ्याचा, कारण आमची भिंत सामाईक आहे आणि त्याचे उजवीकडचे दोन्ही स्पीकर तिला टेकलेले आहेत. गेली कित्येक वर्षं मी पिंक फ्लॉइड ऐकतो आहे, पण फक्त उजवीकडचं.

ज्यांना क्वाड ठाऊक नाही अशा सुखी जीवांसाठी थोडं सांगायला हवं. माणसाला कान दोन, म्हणून स्टीरिओचे स्पीकर दोन. इथवर निसर्ग आणि कारखानदार यांचं छान जमलं होतं. १९७० च्या सुमारास स्टीरिओ घरोघर पोचला आणि आता या लोकांना काय विकायचं, असा प्रश्न कारखानदारांना पडला. उत्तर फार लांब नव्हतं: आणखी दोन स्पीकर. पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा. नाव क्वाड्राफोनिक. अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीने १९६९ मध्येच अशा टेपा विकायला काढल्या होत्या, दोन-तीन वर्षांत तबकड्या आल्या, आणि त्या दशकाचा शेवट येईतो सगळा कारभार आटोपलाही. क्वाडवाल्याच्या मते तो आटोपलेला नाही. लोक जरा बाहेर गेलेत, येतील.

हे चार स्पीकर सगळ्यांत जास्त मानवले ते प्रोग्रेसिव्ह रॉकला. या संगीतात गाणं तीन मिनिटांत संपणं हा चारित्र्यावरचा डाग समजला जाई. येसचं ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांहून लांब, तबकडीची अख्खी बाजू. जेथ्रो टल मंडळींनी ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये एकच गाणं दोन्ही बाजूंना पुरवलं, मध्ये तबकडी उलटवायला उठावं लागतं, तेवढाच श्रोत्याला विसावा. रिक वेकमनने आठव्या हेन्रीच्या सहाही बायकांवर एकेक रचना केली. विषय विश्वाचा, वाद्यं ढीगभर, ताल साताचा नाहीतर अकराचा, आणि समेवर यायची कुणालाच घाई नाही. एवढा पसारा दोन स्पीकरांत कोंबणं क्वाडवाल्याला अन्यायाचं वाटतं.

पंथाचं मूळपीठ पिंक फ्लॉइड. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांचा ‘गेम्स फॉर मे’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यात ऑर्गनवाल्या रिचर्ड राईटजवळ एक खोकं होतं, खोक्यावर एक दांडी. दांडी फिरवली की आवाज सभागृहाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरायचा. अ‍ॅबे रोड स्टुडिओतल्या बर्नार्ड स्पाईट यांनी बनवलेल्या या खोक्याचं नाव अ‍ॅझिमथ कोऑर्डिनेटर. कार्यक्रमानंतर ते चोरीला गेलं. (चोराने त्याचं पुढे काय केलं असावं, या विषयावर क्वाडवाला तासभर बोलू शकतो.) मग दुसरं बनवलं, आणि ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याच म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा वाघही आहे: लाकडी, एका गोऱ्याच्या नरडीला भिडलेला, पोटात खराखुरा ऑर्गन, मूठ फिरवली की वाघ गुरगुरणार आणि गोरा विव्हळणार. मी शेजाऱ्याला मुद्दाम तिकडे नेलं. म्हटलं, साम्राज्याच्या लुटीबद्दल हा इंग्रज काय म्हणतो ते तरी पाहावं. तो काचेपुढे बराच वेळ उभा राहिला, वाकून वाघाचं पोट निरखलं, आणि म्हणाला, “मोनो आहे.”

‘द डार्क साईड ऑफ द मून’ ही तर पोथीच. क्वाड आवृत्तीचा नंबर तो नाव सांगावं तसा सांगतो: क्यू फोर एस एच व्ही एल, आठशे चार. ‘टाइम’च्या सुरुवातीला जी घड्याळं एकदम टोले देतात, ती अ‍ॅलन पार्सन्स या तरुण इंजिनियरने आधी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपली होती, आणि टिपली होती क्वाडचं प्रात्यक्षिक दाखवायला, गाण्यात ती मागाहून गेली. ‘मनी’मधला गल्ल्याचा खणखणाटही खोलीभर फिरावा अशाच बेताने जमवलेला. क्वाडचं मिक्स पार्सन्सनेच केलं. पण फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांना रेकॉर्ड ऐकवायची वेळ आली तेव्हा ते तयार नव्हतं, आणि राईट सोडून बाकीचे वादक रुसून आलेच नाहीत. हा प्रसंग क्वाडवाला अशा काही थाटात सांगतो की तोही त्या रुसव्यात सामील होता असं वाटावं. वास्तविक त्या दिवशी तो शाळेत होता. त्याच वर्षी द हू या मंडळींनी ‘क्वाड्रोफेनिया’ काढला. नावातच क्वाड, आणि रेकॉर्ड आली साध्या स्टीरिओत. हे नाव मी त्याच्यासमोर एकदाच काढलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि चहा निवला.

आता मुख्य दुखणं. तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. एका भिंतीत डावा आवाज, दुसरीत उजवा. तिसरा आणि चौथा ठेवायचा कुठे? यावर तीन कंपन्यांनी तीन तोडगे काढले आणि तिन्ही एकमेकांच्या जिवावर उठले. अमेरिकेच्या सीबीएसची एसक्यू, जपानच्या सान्सुईची क्यूएस, आणि जपानच्याच जेव्हीसीची सीडी-फोर. पहिल्या दोघींची रीत अशी की चार आवाज मिसळून दोन करायचे आणि घरी डीकोडर लावून पुन्हा चार वेगळे काढायचे. दोन पुडांच्या डब्यात चार भाज्या भरून ऑफिसला न्याव्यात आणि तिथे त्या निरनिराळ्या वाढाव्यात, असा हा प्रकार. रस्सा एकमेकांत जाणारच. स्वस्तातल्या एसक्यू डीकोडरवर गायक समोर उभा राहून गातो आणि त्याचं अर्धं गाणं श्रोत्याच्या मानेमागे सांडतं. हे सांडणं थांबवणारे खरोखर चांगले डीकोडर बाजारात आले ते १९८० च्या आसपास, म्हणजे पेशंट गेल्यावर. क्वाडवाल्याकडे त्यांतला एक आहे. तो त्याने कितीला घेतला हे घरात फक्त त्यालाच माहीत आहे, आणि बायकोला सांगितलेला आकडा वेगळा आहे.

सीडी-फोरची रीत आणखी अवघड. पुढच्या-मागच्या आवाजांतला फरक ३० किलोहर्ट्झच्या एका लहरीवर चढवून खाचेत लपवायचा. माणसाला भर तारुण्यातही २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकू येत नाही. इथे सुईने ४५ पर्यंतचं वाचायला हवं. साधी सुई ते वाचत तर नाहीच, उलट खरवडून कायमचं पुसते. म्हणून नोरिओ शिबाता नावाच्या जपानी इंजिनियरने खास आकाराची सुई घडवली. मग वायरसुद्धा खास, कारण लांब वायरीत ती नाजूक लहर अर्ध्या वाटेत विरते. शेजाऱ्याच्या टर्नटेबलपासून डीकोडरपर्यंतची वायर वितीएवढी आहे. त्यामुळे डीकोडर टर्नटेबलला खेटून, त्याला खेटून अ‍ॅम्प्लिफायर, आणि हे सगळं जिथे ठेवलंय तिथे पूर्वी दिवाण होता. दिवाण आता जेवणाच्या खोलीत आहे. जेवणाचं टेबल परसातल्या शेडमध्ये. टोमॅटोची रोपं शेडमधून हॉलच्या खिडकीत आली. कुणी विचारलं, एवढ्या सगळ्याची सुरुवात कशी झाली, तर तो गंभीरपणे सांगतो: कपॅसिटन्स.

आणि स्पीकर. ते चौरसाच्या चार टोकांवरच हवेत. इंग्रजी घरातली पुढची खोली कधीच चौरस नसते: एका बाजूला शेकोटी पोट पुढे काढून बसलेली, समोर बाहेर फुगलेली खिडकी, मागे दार. शेजाऱ्याने दोरी, टेप आणि पुढे लेसरचं यंत्र वापरून चौरस बसवला. त्यात मागचा डावा स्पीकर नेमका दारात आला. हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तेच दार. ते आता निम्मंच उघडतं. घरातली माणसं आणि पाहुणे खेकड्याच्या चालीने आत शिरतात. लग्नाचा केक शिरेना तेव्हा मुलीचं रिसेप्शन हॉटेलात करावं लागलं, असं त्याची बायको सांगते. तो म्हणतो, केक मोठाच होता.

खुर्चीच्या चार पायांभोवती गालिचावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत. झाडताना खुर्ची अर्धा इंच सरकली तर तो ओळखतो, असा त्याचा दावा आहे. बायकोने एकदा मुद्दाम चार इंच सरकवली. तो बसला, ऐकलं, आणि आज ढोल फार मोकळे वाजताहेत म्हणाला. हे तिने फक्त मला सांगितलं. ऑक्सफर्डला मायकेल गर्झन नावाचे एक गणिती होते, ज्यांनी त्याच काळात आकडेमोड करून दाखवून दिलं की चौरसाच्या टोकांवर चार स्पीकर ठेवून आवाज बाजूला, म्हणजे थेट कानाच्या रेषेत, नीट उभा राहतच नाही. तो पुढे तरी पळतो नाहीतर मागे. गर्झन फार मोठा माणूस, क्वाडवाला कबूल करतो. पण त्यांनी माझी खोली पाहिली नव्हती, असंही म्हणतो.

तो ऐकतो कसा, हे पाहण्यासारखं असतं. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. इथवर आपल्याकडचा मैफलीतला श्रोता आणि तो सारखेच. पण आपला श्रोता चांगली जागा आली की मान डोलावतो, याची मान डोलूच शकत नाही, कारण मान डोलली की कान जागचे हलतात. याचं एक बोट तेवढं वर येतं. उजवा-मागचा कोपरा दाखवतं. थांबतं. डावा-पुढचा दाखवतं. याला दाद म्हणावी की हजेरी, मला अजून ठरवता आलेलं नाही. घड्याळं? आली. गल्ला? आला. विमान? गेलं. शेवटचं गाणं संपलं की याच्या तोंडावर समाधान दिसतं ते स्टॉक तपासून सगळा माल जागेवर सापडलेल्या दुकानदाराचं. त्याला एकदा मी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाबद्दल सांगत होतो: रमणबागेच्या मैदानात, मांडवाच्या पार शेवटच्या टोकाला, गर्दीत गुडघे मुडपून बसून पहाटे भीमसेन जोशी ऐकले. तो कळवळला. “मधल्या रेषेपासून किती अंशांवर होतास?” म्हणाला. मी म्हटलं, खांबाच्या मागे होतो.

आदरातिथ्यात मात्र तो कमी पडत नाही. मी भारतीय हे कळल्यावर पहिल्याच भेटीत त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्राची ‘बर्ड्स ऑफ फायर’ लावली, एसक्यू, १९७३. महाविष्णू हे नाव जॉन मॅकलॉफलिनला त्याचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेलं. वादकांत एक इंग्रज, एक आयरिश, एक अमेरिकन, एक झेक आणि एक पनामाचा. मी खुर्चीत बसलो आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, गावाकडची भाकरी वाढल्यावर यजमान बघतो तसा. व्हायोलिन माझ्या मानेमागून गेलं. मी बोट वर केलं. त्याचे डोळे भरून आले.

पिंक फ्लॉइडची ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ हा त्याचा रविवार सकाळचा नेम. मुखपृष्ठावर फक्त एक गाय. ना बँडचं नाव, ना रेकॉर्डचं. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटी तेरा मिनिटांची न्याहारी आहे. म्हणजे बँडचा एक मदतनीस न्याहारी करतो, त्याचे आवाज: काडी ओढली, किटली उकळली, बेकन चुरचुरलं, कुणीतरी सीरियल चावलं, मध्ये थोडी वाद्यं. हे सगळं चारी कोपऱ्यांतून. तो उपाशीपोटी खुर्चीत बसून ही न्याहारी ऐकतो आणि मग उठून स्वतःची करायला जातो, तोवर तिची वेळ टळलेली असते. या न्याहारीच्या शेवटी नळ टपकतो. तबकडीच्या शेवटच्या बंद खाचेत तो अडकवून ठेवलाय. सुई उचलेपर्यंत टपकतच राहतो. नवे पाहुणे हमखास नळ बंद करायला उठतात. घरच्यांना सवय आहे. मागे एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप खरोखरच गळायला लागला. सकाळभर कुणी जागचं हललं नाही. पाणी दारातून मागच्या डाव्या स्पीकरपर्यंत आलं तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला.

आता कानांचं. त्याचा उजवा कान शाबूत आहे. डावा निम्मा गेला. तरुणपणी एका जलशात रंगमंचाच्या डाव्या अंगाला उभं राहून घालवला, असं तो अभिमानाने सांगतो. बायको म्हणते, त्याच्या घराण्यातच आहे. तेव्हा हिशेब चार स्पीकर आणि दीड कान असा आहे. सरकारी दवाखान्यातून त्याला कानाचं मशीन फुकट मिळालं. ही नवी मशीनं हुशार असतात. माणूस समोरच्याशी बोलणार, म्हणून पुढचा आवाज उचलायचा आणि पाठीमागचा दाबायचा, असं त्यांना शिकवलेलं असतं. पाठीमागचा आवाज म्हणजे गोंगाट, हे मशीनचं ठाम मत. ज्याने मागच्या दोन स्पीकरांपायी दिवाण हलवला, टेबल हलवलं, मुलीचं रिसेप्शन हलवलं, त्याच्या कानात सरकारने हे बसवून दिलं. तो तडक दवाखान्यात गेला.

“मला मागचंही ऐकू यायला हवं,” तो कान तपासणाऱ्या मुलीला म्हणाला.

“मागून कोण बोलतं तुमच्याशी?”

“रिचर्ड राईट.”

“ते कुठे असतात?”

“वारले. २००८ मध्ये.”

मुलीने काहीतरी लिहून घेतलं. पुढच्या तपासणीला बायकोलाही घेऊन या, असं प्रेमाने सांगितलं.

नवीन जगाबद्दल त्याची तक्रार वेगळी आहे. चारांचे दोन आणि दोनांचे चार करायची जी युक्ती तबकड्यांत हरली, तीच पुढे डॉल्बीने सिनेमात नेली. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ बघताना थिएटरभर जी यानं उडाली ती त्याच जातीच्या युक्तीवर. तेव्हा कुणाच्याही घरात सिनेमाचा आवाज मागून आला की हा म्हणतो, आमचंच आहे ते. पण पाच स्पीकर आणि वर एक धडधडणारा डबा, ही नवी पद्धत त्याला पसंत नाही. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने २००९ पासून किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, येस अशा जुन्या मंडळींच्या मूळ टेपा काढून त्या पद्धतीत नव्याने मिक्स केल्या. विद्वान लोक वाखाणतात. मलाही त्या फार आवडल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच्या खोलीत ऐकलेल्या कुठल्याही तबकडीपेक्षा स्वच्छ वाटल्या. त्याने एकदा ऐकल्या आणि म्हणाला, छान आहे, पण मधला स्पीकर कशाला? गायक मध्ये उभा आहे असं भासलं पाहिजे. तो खरंच मध्ये उभा राहिला तर त्यात कला कसली?

क्वाडवाल्याची बायको हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे थोडक्यात. ती त्या खुर्चीत फारशी कधी बसलेली नाही. बोलावलं नाही असं नाही. बसली की तो शेजारी उभा राहून “आता, आता बघ,” असं सांगत राहतो, म्हणून ती बसत नाही. ती स्वयंपाकघरात असते, आणि ओट्याशी उभी राहून एक चाल गुणगुणते. ती चाल मला बरेच दिवस छळत होती. चार सूर, मग लांबलचक रिकामी जागा, मग एक ‘आ’, पुन्हा जागा, मग दोन सूर घसरत खाली. मी विचारलं, हे कुठलं गाणं? “त्याचीच रेकॉर्ड,” ती म्हणाली, “‘मून’वाली.” मला ‘मून’वाली पाठ होती, निदान उजवीकडची, त्यात ही चाल नव्हती. मग लक्षात आलं. स्वयंपाकघराच्या दारात कोण उभा आहे? मागचा डावा. गेली पंचवीस-तीस वर्षं ती तेवढाच ऐकते आहे. समोरच्या दोघांतलं गाणं, गिटार, शब्द, हे तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. तिच्या लेखी पिंक फ्लॉइड म्हणजे मागच्या कोपऱ्यात उभे राहून अधूनमधून ‘आ’ करणारे सभ्य लोक. तिला ते आवडतात.

महिन्यातून एकदा त्याच्याकडे क्वाडवाल्यांची बैठक भरते. सहा-सात जण दूरदूरहून येतात, बगलेत चौकोनी पिशव्या. यात अडचण एकच: खुर्ची. क्वाड ऐकू येतं ते फक्त त्या खुर्चीत. हातभर बाजूला झालात तर जवळचा स्पीकर बाकी तिघांना गिळतो. आणि खोलीत दुसरं कुणी उभं राहिलं तर त्याच्या शरीराने आवाज अडतो. म्हणून एकाने आत बसायचं, एक बाजू ऐकायची, वीस मिनिटांनी बाहेर यायचं. बाकीच्यांनी स्वयंपाकघरात थांबायचं. ती बैठक मी दोन-तीनदा पाहिली. माणसांनी गजबजलेलं घर, आणि ज्या खोलीसाठी सगळे आले तिच्यात डोळे मिटलेला एकटा मनुष्य. बाकीचे ओट्याभोवती दाटीवाटीने उभे, हातात चहा, मधोमध बिस्किटांचा डबा, शिबाताच्या सुईचे भाव, कुठल्या धर्मादाय दुकानात दोन पौंडाला सोनेरी काठाची सीबीएस मिळाली त्याच्या कथा, एसक्यूवाले आणि सीडी-फोरवाले यांच्यातलं पन्नास वर्षं जुनं वैर. मधूनमधून दारातून ‘आ’ येतो. तेव्हा क्वाडवाल्याची बायको गुणगुणते आणि त्यांतला एखादा नकळत तिच्या सुरात सूर मिळवतो.

अशाच एका बैठकीत क्रॉयडनहून आलेला एक किडकिडीत गृहस्थ ‘मनी’ ऐकून बाहेर आला आणि म्हणाला, “तुझे मागचे दोन उलटे लागलेत.”

ओट्याभोवती शांतता पसरली. क्रॉयडनकराचं म्हणणं, गल्ला खोलीभोवती गोल फिरायला हवा. इथे तो पुढून गेला की फुली मारल्यासारखा आडवातिडवा धावतो. म्हणजे मागचा डावा उजवीकडे आणि मागचा उजवा डावीकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रदक्षिणेऐवजी नुसतीच धावपळ. क्वाडवाला हसला. आपल्याकडे चाचणीची तबकडी आहे, म्हणाला. तिच्यात एक इंग्रज गृहस्थ एकेका कोपऱ्यातून त्या कोपऱ्याचं नाव उच्चारतो. मग लावा की. लावता येत नव्हती, कारण ती कंपनीच्या मूळ वेष्टनात होती आणि वेष्टन फोडलं की किंमत निम्मी. बराच खल झाला. शेवटी त्याने स्वतःच ब्लेड आणलं. एकेक जण आळीपाळीने आत जाऊन बसला आणि खाली मान घालून बाहेर आला. ज्या कोपऱ्याला तो इतकी वर्षं बोट दाखवत होता, त्या कोपऱ्यातला माणूस दुसऱ्याच कोपऱ्यात राहत होता.

तो काही बोलला नाही. मंडळी निघाल्यावर मागच्या दोन वायरी त्याने बदलल्या. त्या रात्री मी अंथरुणावर पडलो असताना आमच्या भिंतीतून एक ‘आ’ आला. पूर्वी कधीच आला नव्हता. मी उठून बसलो.

पलीकडे काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कुंपणावरून त्यानेच सांगितलं. ती भांडी घासता घासता थांबली, ओले हात तसेच घेऊन आडवी होऊन दारातून आत आली आणि म्हणाली, “माझं गाणं कुठे गेलं?”

“कुठलं गाणं?”

तिने म्हणून दाखवलं. चार सूर, जागा, ‘आ’. त्याने डोळे मिटून ऐकलं, बोट वर केलं आणि उजव्या-मागच्या कोपऱ्याकडे दाखवलं. इतकी वर्षं चुकीचं लागलं होतं, आता बरोबर आहे, असं समजावून सांगितलं.

“असेल बरोबर,” ती म्हणाली. “पण आता त्या दारातून नुसता ठोकाठोकीचा आवाज येतोय. माझी अजून कढई घासायची राहिलीय.”

त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, छोटा स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर बसून दोन्ही वायरी पुन्हा उलट्या जोडल्या.

पुढच्या महिन्यात क्रॉयडनकर मुद्दाम सगळ्यांत आधी खुर्चीत जाऊन बसला. वीस मिनिटांनी बाहेर आला तो चेहरा पाडून. “अजून उलटेच आहेत.”

“माहीत आहे,” क्वाडवाला म्हणाला, आणि बिस्किटांचा डबा त्याच्यापुढे केला.